टपावरची बाबागाडी

हिंगोली-गोरेगाव मार्गावरचा आमचा जीपवाला खड्डा चुकवत नाही, त्यावरून उडी मारतो. कुणी "हळू" म्हणालं की आरशात बघून हसतो, "व्हय, व्हय" म्हणतो आणि आणखी दाबतो. तान्ह्या लेकीला घेऊन त्याच्या जीपमध्ये बसायच्या कल्पनेनंच बायको हवालदिल झाली होती. मी मात्र बाबागाडीच्या खरेदीत दंग. हलकी हवी, घडी घालून पायापाशी मावणारी हवी! दुकानातली प्रत्येक गाडी मी करंगळीवर तोलली आणि सगळ्यात हलकी घेतली.

जीपच्या दारात मी ऐटीत म्हणालो, "एका हातानं मिटते." मग दोन्ही हात लावले, गुडघा लावला. मिटली नाही.

"सर, काहून कुस्ती खेळून राहिले तिच्यासंगं?" असं म्हणत जीपवाल्यानं ती उघडीच टपावर चढवली, दोरीनं आवळली आणि वर थोपटलीही.

त्या दिवशी जीप बैलगाडीसारखी चालली. मागचे एक म्हातारबा वैतागले, "आज काय झालं रे तुला?"

"वर लेकराची गाडी हाय, बाबा."

"आन् खाली लेकरू हाय ते?"

"त्याला त्याच्या मायनं धरलंय. गाडीला कोन धरलंय?"

बायको प्रवासभर पहिल्यांदाच निवांत झोपली.

आता रोजचे प्रवासी मला स्टँडवर विचारतात, "सर, गाडी आणली न्हवं?" ती मिटवायला मी केव्हाच शिकलोय. पण त्याची जीप दिसली, की मला अजूनही जमत नाही.