संथ वाजणारी कॅसेट

मी सणसर सोडलं तेव्हा दादा कारखान्याच्या रांगेत होता. उसाचा हंगाम भरात, जानेवारीची दुपार. विमानतळाकडे निघालेली जीप आम्ही मुद्दाम कारखान्यावरून घेतली. दादाच्या ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि पुढेमागे तसेच पन्नासेक ट्रॅक्टर. मी उतरून धावत गेले. तो वरूनच म्हणाला, "जा नंदे, नीट राहा. उतरलो तर नंबर जाईल." आणि त्याने टेपचा आवाज वाढवला. जीप वळेपर्यंत ते गाणं ऐकू येत होतं. मी वळून पाहिलं नाही, कारण आईने बजावलं होतं, "निघाल्यावर मागं बघू नगं."

सख्ख्या बहिणीपेक्षा उसाचा नंबर मोठा! हा राग मी लोणच्याच्या बरणीबरोबर बर्मिंगहॅमला आणला. बरणी दोन महिन्यांत संपली. राग मात्र एकोणीस वर्षं पुरला. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ठाऊक असेल, परक्या गावात राग सोबतीला बरा असतो. दर रविवारी फोन करायचे, पण दादाशी दोन मिनिटं, वहिनीशी अर्धा तास.

त्या कॅसेटचं सांगते. ट्रॅक्टरला नवे स्पीकर बसवले तेव्हा दादा बारामतीत कॅसेट भरून देणाऱ्याकडे गेला. "ढोल छातीत वाजला पायजे, असलं काय तरी भर," म्हणाला. त्या भल्या माणसाने जमैकाच्या गायकांचा एक जुना रेगे अल्बम भरून दिला. शब्द आमच्यात कुणालाही कळत नव्हते, पण दादाने तीच कॅसेट धरली. कन्हेरीला चुलतभावाच्या लग्नाचं वऱ्हाडसुद्धा त्याच गाण्यांवर गेलं. पुढे टेपचा पट्टा सैल झाला आणि सगळं संथ, जाड आवाजात यायला लागलं, गाणारा पुरणपोळी चेपून बसल्यासारखा. तिसऱ्या गाण्याआधी टेपमध्ये कुणीतरी खोकायचं. दादा ती जागा अचूक पकडून स्वतःही खोकायचा आणि आई दरवेळी विचारायची, "काढा देऊ का रं?"

मागच्या वर्षी दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला रजा आणि तिकीट मिळेपर्यंत दहावाही उरकला. मी सणसरला पोचले तेव्हा ट्रॅक्टर शेडमध्ये होता आणि टेपच्या जागी नुसत्या वायरी लोंबत होत्या. कॅसेटचं विचारायचं धाडस झालं नाही.

यंदा मार्चमध्ये शिफ्ट संपवून घरी येताना एका दुकानातून तो ढोल कानावर आला. माझे पाय दारातच थबकले. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने दोन सीडींचा संच दाखवला. एकीवर मूळ ध्वनिमुद्रण, दुसरीवर आताचं रीमिक्स. घरी हीटिंग लावलं आणि कोट न काढताच ऐकत बसले. रीमिक्स चकचकीत आहे. ढोल मागे सारलाय, गिटार वाढवलीय, प्रत्येक आवाज धुऊन वाळत घातल्यासारखा सुटा. आणि तो खोकला कापून टाकलाय. मला रडूच फुटलं. मग मूळ लावलं. ढोल छातीत वाजला, तिसऱ्या गाण्याआधी खोकलाही आला. पण गाणं घाईत होतं. रांगेतल्या त्या दुपारी ऐकलेलं ते हे नव्हतं.

रविवारी वहिनीला व्हिडिओ कॉल केला आणि दोन्ही ऐकवली. विचारलं, "यातलं दादाचं कुठलं?"

"दोन्ही न्हाईत, वन्सं. आपलं हळू व्हतं."

मग तिने पदराने डोळे टिपले. म्हणाली, "एक सांगायचं राह्यलंय. तुमी गेल्या त्या दिवशी मी ह्यांचा डबा घिऊन तितंच आली व्हती. तुमची जीप वळली आन् ह्यांनी टेप बंद केला. स्टेअरिंगवर डोकं ठिवून ल्हान पोरावानी रडले. पुढची रांग सरकली. मागचे हॉर्न मारून थकले, आन् एकेक करत बाजूनं पुढं गेले. नंबर त्या दिशी गेलाच, वन्सं."

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली व्हती. म्हनले, तिला कळलं तर ती तितं ऱ्हायची न्हाय."

एकोणीस वर्षं मी माझंच रीमिक्स ऐकत होते. त्यातला त्याचा हुंदका मीच कापला होता, मागे न बघता. आणि आता माफी मागायला समोर कोणी नाही.

मुलीने फोनवर गाण्याचा वेग कमी कसा करायचा ते दाखवलं. मूळ गाणं लावून मी हळूहळू वेग उतरवत नेला. एका ठिकाणी गाणारा पुरणपोळी जेवला. खोकला आला, तशी मीही खोकले. स्वयंपाकघरातून मुलीने औषध देऊ का म्हणून इंग्रजीत विचारलं.

आता घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी सणसर म्हणते, पण डोळ्यांसमोर ना अंगण येतं ना ऊस. पुढचे ट्रॅक्टर सरकून गेल्यावर दादाच्या ट्रॅक्टरपुढे मोकळी पडलेली ती जागा येते. माझ्यासाठी त्याने ती भरली नाही.