मामींची बिनसाखळीची सायकल

सायकलची साखळी ही माणसाच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. शनिवार पेठेतले हे मामा हडपसरच्या एका कारखान्यात जन्मभर मशिनं दुरुस्त करत आले, पण पँट कायम पांढरी शुभ्र. साखळीशी वैर मात्र पँटवरच्या तेलाच्या डागांपायी नव्हतं. मामी शाळेत शिकवायला सायकलने जात. एकदा ऐन चौकात साखळी उतरली, मामी पडल्या, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण त्या पुन्हा सायकलवर बसल्या नाहीत. मामांनी ती सायकल जिन्याखाली पुसूनपुसून जपली आणि ठरवलं, हिला परत सायकलवर बसवायचं, तेही साखळीशिवाय.

मग प्रयोग सुरू झाले. शिलाई मशीनचा पट्टा पहिल्याच चढाला घसरला. पिठाच्या गिरणीचा लावला, तर सायकलपेक्षा पट्टाच जड. एका लग्नात त्यांनी व्याह्यांच्या कमरेचा पट्टा चिमटीत धरून "ताण बरा आहे" असं म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. तेवढ्यात माझी आयटी कंपनी मला सहा महिने जर्मनीला पाठवायला निघाली. बाकीच्यांनी चॉकलेटं सांगितली. मामा म्हणाले, "जावईबापू, तिकडे सायकलला दात्यांचा रबरी पट्टा मिळतो म्हणे. कंप्युटरवर बसून जगाची कामं करता, आमचं एक करा."

मी पट्टा आणला, दोन दातेरी चक्रंही आणली. मामांनी ते सगळं देव्हाऱ्यापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्याच दिवशी फोन. "जावईबापू, घोळ झाला. आत जातच नाही!" साखळीची कडी उघडून ती सायकलच्या सांगाड्यात ओवता येते. आधीच्या पट्ट्यांनाही जोड होता. हा पट्टा मात्र अखंड, आणि सांगाडाही बंद. जन्मभर मशिनांवर पट्टे चढवलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आता मागचा दांडा कापण्यावाचून इलाज नव्हता, आणि सायकल तर मामींनी पहिल्या पगारात घेतलेली. मामा तीन दिवस करवत घेऊन जिन्याखाली नुसते बसून राहिले. मला त्यांची फार दया आली. शेवटी मामीच म्हणाल्या, "अहो, कापा एकदाची. मी काय तिच्यावर बसणार थोडीच आहे?"

मामांनी दांडा कापला, पट्टा आत घेतला आणि कापल्या जागी नटबोल्टचा जोड दिला. मग स्वतः चालवत हडपसरला माझ्या ऑफिसच्या फाटकापर्यंत आले. तिथल्या सुरक्षारक्षकासमोर पट्ट्यावरून पांढरा रुमाल फिरवून म्हणाले, "बघा, आहे का डाग?" तो बिचारा म्हणाला, "काका, आयडी कार्ड हाय का?"

रविवारी सकाळी मामी नदीकाठच्या रस्त्यावर आल्या, 'नुसतं बघायला' म्हणून. बराच वेळ हँडलवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पडले तर?"

"साखळीच नाही, तर उतरणार काय?" मामा म्हणाले, पण जोडाचे नटबोल्ट पुन्हा एकदा आवळून बघितले.

मामी बसल्या. मामा कॅरिअर धरून वीसेक पावलं धावले. मग मामींनी घंटी वाजवली आणि त्यांना मागे टाकून निघून गेल्या. मामा रस्त्याच्या मधोमध रुमालाने डोळे पुसत उभे होते.

हल्ली मामी रोज वाचनालयात सायकलने जातात आणि मामा संध्याकाळी पाच वाजल्यापासून दारात उभे असतात. आता कसली काळजी, असं मी एकदा विचारलं.

"काळजी नाही हो," ते म्हणाले. "पूर्वी साखळीच्या खडखडाटावरून घरात बसल्या बसल्या कळायचं, ही आली. आता आवाजच येत नाही."

आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले.