मोठेबाबांच्या फोनमधले डॉक्टर

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शहराबाहेर वाडी भागातल्या गोदामांत माल चढवण्या-उतरवण्यात त्यांची उमर गेली. बसायचं त्यांना माहीतच नव्हतं. मागच्या हिवाळ्यात पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. शुगर जुनीच. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी बजावलं, इन्सुलिन चुकवाल तर पाय जाईल.

घरात फोनमधलं कळणारी शहाणी मी एकटीच. मोठेबाबांना व्हिडिओ यायचे, अमुक पाल्याचा रस प्या, सुई फेकून द्या. माझं टाळकं सरकायचं. दर रविवारी मी बेसाच्या माझ्या घरून वाडीला त्यांच्याकडे जायची आणि त्यांच्याच फोनवर एकेक व्हिडिओ लावायची. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा चालवून, कुठे थाप मारली ते दाखवायची. ते मान डोलवायचे. मला आपलं वाटायचं, काय झकास समजावते मी!

जे जास्त पाहावं तेच फोन पुढे आणून टाकतो. हे मला माहीत होतं, मैत्रिणींना मीच सांगायची. माझ्याच हाताने मी त्यांच्या फोनमध्ये भोंदू डॉक्टरांची रांग लावून दिली, आणि माझ्या ध्यानातही आलं नाही. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

एका सकाळी मोठ्या आईचा, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोचा, फोन आला. "लवकर ये वं, पाय काळा पडून राहिला."

तिथे गेल्यावर कळलं, इन्सुलिन त्यांनी कधीच सोडलं होतं. "काहून सोडलं, मोठेबाबा?" मी ओरडलेच.

"अवं, एक डॉक्टर असता त समजलो असतो," ते शांतपणे म्हणाले. "इथं रोज नवा येते आन् तेच सांगते. इतके सारे खोटे बोलतीन का? तू एकटीच नाही म्हणते."

दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापायच्या संमतीचा कागद सहीला समोर आला. मोठेबाबांनी पेन खाली ठेवला.

"त्या फोनमधला एक डॉक्टर म्हणे, काळा पाय बी वाचते. त्याले एकडाव विचारून पाहू का?"

नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं. ते माझ्याकडेच बघत होते. शेवटी मोठ्या आईनेच त्यांच्या हातात पेन दिला.