मंत्र्यांची उत्तरं लिहिणारे नाना

विधानसभेचा प्रश्न आला की सपकाळे नाना तो तीनदा वाचत. पहिल्यांदा आमदारांनी काय विचारलंय ते पाहायला, दुसऱ्यांदा काय विचारायचं राहून गेलंय ते पाहायला, आणि तिसऱ्यांदा मंत्र्यांना कुठे अडकवता येईल ते पाहायला. तिसरं वाचन झालं की चष्मा कपाळावर चढवून पंख्याकडे बघत आणि म्हणत, "सुमन, लाव कागद." मी टाइपरायटरला कागद लावी. पाच-सात मिनिटांत असं उत्तर तयार होई की ते ऐकून आमदारांचं समाधान होत नसे, पण पुढे काय विचारावं हेही त्यांना सुचत नसे.

पंच्याऐंशी साली मी जळगावच्या त्या सरकारी कार्यालयात टंकलेखिका म्हणून लागले. कार्यालयाचं नाव सांगत नाही; तिथली बरीच माणसं अजून पेन्शन घेतायत. नाना तिथे हेडक्लार्क. मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले. अंगात पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, निळं स्वतः लिहायला आणि लाल दुसऱ्यांचं खोडायला. साहेब दोन-तीन वर्षांनी बदलत, मंत्री कधी कधी त्याहूनही लवकर. नाना होते तिथेच असत. त्यामुळे शासनाने आमच्या जिल्ह्यात काय काय केलं, याबद्दल मंत्री मुंबईत उभे राहून जे सांगत, ते बहुतेक वेळा जळगावात पंख्याकडे बघून सुचलेलं असे.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून एक चूक झाली. एका गावाची पाण्याची योजना टाकी बांधून पूर्ण झाली होती, पण विहिरीला पाणीच लागलं नव्हतं. मी सरळ टाइप केलं, 'योजना बंद आहे.' नानांनी लाल पेन काढलं.

"बंद? बंद व्हायला आधी चालू व्हावी लागते. लिही, 'योजनेचे काम पूर्ण झाले असून पाणी उपलब्ध होताच ती कार्यान्वित होईल.'"

"पण नाना, पाणी उपलब्ध कधी होणार?"

"ते आमदारांनी विचारलंय का?"

त्यांनी विचारलं नव्हतं. मग नाना माझ्याकडे वळून घरच्या बोलीत म्हणाले, "खोटं लिखानं नही, पोरी. पन बठ्ठं खरं बी लिखानं नही." बठ्ठं म्हणजे सगळं. एरवी ऑफिसात ते पुस्तकी मराठी बोलत. मनातलं सांगायचं असलं की अहिराणीवर येत.

पालकमंत्री वर्षातून दोन-तीनदा बैठकीला येत. बुके, नारळ, केळीचे घड असं सगळं टेबलावर मांडलं जाई, आणि त्याच्या मागून मंत्री दिसतील अशा बेताने त्यांची खुर्ची ठेवलेली असे. सुरुवातीला ते आधीच्या सरकारने खान्देशावर किती अन्याय केला ते सांगत. आधीच्या सरकारातही तेच मंत्री होते, पण खातं वेगळं होतं. मग कामांचा आढावा. मंजूर झालेला निधी खर्च झाला, असं कळलं की ते समाधानाने मान हलवत. त्याचं काय झालं, हे विचारण्याची पद्धत नव्हती. एकदा फैजपूरकडचे एक म्हातारे सरपंच उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आमच्या शाळेच्या खोल्या तीन बैठका झाल्या प्रगतिपथावर आहेत. हा पथ नेमका कोणकोणत्या गावांवरून जातो, ते सांगा. आम्ही वाटेत गाठून घेऊ." सगळे हसले, मंत्रीही हसले. मागच्या रांगेत नानांनी वही काढली आणि पुढच्या वेळेपासून 'प्रगतिपथावर' ऐवजी 'अंतिम टप्प्यात' लिहायचं, अशी नोंद केली.

त्या काळात एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात येई. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी सावरीपाडा नावाचं खेडं आहे. तिथलं आरोग्य उपकेंद्र बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते केव्हा सुरू होणार? विलंबाची कारणे काय आहेत? नानांचं उत्तर ठरलेलं होतं. एक, हे खरे नाही. दोन, उपकेंद्राची इमारत पूर्ण असून परिचारिकेचे पद भरलेले आहे. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

यातला दुसरा मुद्दा खरा होता. इमारत पूर्ण होती. परिचारिकेचं पद भरलेलं होतं. फक्त ती परिचारिका, शिंदे सिस्टर, आमच्याच कार्यालयात माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसायची. माहिती गोळा करायला माणूस कमी पडला म्हणून तिला तात्पुरतं बोलावून घेतलं होतं, त्याला तीन वर्षं झाली होती. जिल्ह्यातली किती उपकेंद्रं चालू आहेत, याचे तक्ते ती भरायची. सावरीपाड्यापुढे 'चालू' असं तिच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे.

मग एक दिवस दुपारी एक बाई आमच्या दारात उभी राहिली. साठीच्या आसपासची, पायात धूळ, हातात वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान. शिपायाने तिला नानांकडे पाठवलं. तिने ते पान टेबलावर पसरलं. मंत्र्यांनी विधानसभेत दिलेलं उत्तर त्यात छापलं होतं.

"भाऊ, गावना मास्तरनी वाची दाखाडं," ती म्हणाली. "मंत्री म्हनतस, आमना गावले दवाखाना चालू शे. त्यानी किल्ली कोनाकडे शे?"

नानांना वाटलं, बाई टोमणा मारतेय. मलाही तसंच वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती खरोखर किल्ली विचारायला आली होती. मोठी सून बाळंतपणासाठी चोपड्याला नेताना वाटेतच गेली होती. आता धाकटीला आठवा महिना होता. "आम्हले कोनी सांगंच नही का तो चालू व्हयना," ती म्हणाली. "माहीत असतं ते मोठीले तठेच लई जातू."

नानांनी तिला बसायला खुर्ची दिली. पाणी मागवलं. ते छापील पान पुन्हा घडी घालून तिच्या हातात दिलं. मग विचारलं, "अक्का, तुमनी गाडी कितीले शे?"

"चारले."

नानांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला आणि त्याच गाडीने तिच्याबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी उशिरा आले. काय पाहिलं, ते त्यांनी मला मोजक्या शब्दांत सांगितलं. उपकेंद्रात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. दाराला कुलूप नव्हतंच, त्यामुळे किल्लीचा विषय संपला. भिंतीवर कुटुंबकल्याणाचा लाल त्रिकोण होता आणि त्याखाली शेळी बांधलेली होती. "मी तेरा वर्षं या जिल्ह्याबद्दल लिहितोय," ते म्हणाले, "आणि त्या बसमध्ये काल पहिल्यांदा बसलो."

पंधरा दिवसांत तोच प्रश्न पुन्हा आला. नानांनी तो या वेळी एकदाच वाचला. मी कागद लावायला घेतला तर म्हणाले, "तू ऊठ. मी करतो."

"नाना, तुम्हाला टाइप येत नाही."

"खाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं येतात. तुझी नको."

एका बोटाने त्यांनी पाऊण तास टाइप केलं. एक, होय, हे खरे आहे. दोन, इमारतीत चारा साठवलेला असून परिचारिका गेली तीन वर्षे जिल्हा कार्यालयात तक्ते भरत आहे. तीन, याआधीची उत्तरे गावात न जाता लिहिली गेल्याने विलंब झाला.

साहेबांनी सही केली. नानांचा मसुदा वाचायची गरज आजवर कुणालाच पडली नव्हती. मुंबईतही पडली नाही. प्रश्न सभागृहात पुकारला गेला आणि मंत्र्यांनी तो कागद मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होतं की सभागृहात एकच गोंधळ झाला. मंत्री मात्र कसलेले होते. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "या शासनाला लपवायचं काही नाही, म्हणूनच मी हे उत्तर मुद्दाम असं तयार करून घेतलं." सत्ताधाऱ्यांनी बाकं वाजवली. एका पेपराने मंत्र्यांच्या स्पष्टवक्तेपणावर अग्रलेखही लिहिला.

शिंदे सिस्टरला चौथ्या दिवशी सावरीपाड्याला हजर व्हायचा आदेश मिळाला. ती रडली, साहेबांकडे गेली, पण मंत्र्यांनी स्वतःच सांगून टाकलेलं असल्यामुळे कुणाचा इलाज चालेना. महिन्याभराने धाकट्या सुनेचं बाळंतपण तिनेच केलं. मुलगी झाली. अक्कांनी मास्तरांकडून पोस्टकार्ड लिहवून नानांना कळवलं.

ते कार्ड आलं तेव्हा नाना जळगावात नव्हते. मंत्र्यांनी उत्तर मुद्दाम तयार करून घेतलं होतं, तरी ते तयार करणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघाली होती. वेतनवाढ थांबली आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना त्यांची धुळ्याला, अभिलेख कक्षात बदली झाली. मी कार्ड पाकिटात घालून तिकडे पाठवलं. उलट टपाली चिठ्ठी आली. "नाव काय ठेवलं ते विचार," एवढंच लिहिलं होतं.

त्यांची जागा पुढे मला मिळाली. मी विधानसभेची उत्तरं लिहू लागले. साहेब म्हणत, "बाई, तुमची उत्तरं फार उशिरा येतात." येत. प्रत्येक गावाला बस नव्हती.

नाना त्र्याण्णव साली गेले. मला पाच दिवसांनी कळलं. मी धुळ्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, ओसरीत एकट्याच बसल्या होत्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "सुमन, एक ईचारू? तुना नाना म्हनेत, आईना गावजवळ ऱ्हावानं म्हनीसन मीच बदली मांगी. ते खरं व्हतं का?"

मी नाही म्हणाले. मग सगळं सांगितलं, अक्कांच्या किल्लीपासून सत्ताधाऱ्यांनी वाजवलेल्या बाकांपर्यंत. काकूंनी मधे एकदाही डोळे पुसले नाहीत. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "तो दवाखाना आते चालू शे का?"

"मंगळवारीच जाऊन आले. चालू आहे. सिस्टर असते, औषधं असतात. छत मात्र दोन ठिकाणी गळतंय."

काकूंनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

"ते बी लिख," त्या म्हणाल्या.