पर्सच्या आतलं चित्र

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. आमच्या सदाशिव पेठेत एक काका चामड्याच्या पर्सेस हातानं शिवायचे. एकदा माझ्या पर्सचा बंद तुटला म्हणून गेले, तेव्हा माझ्या पिशवीतली चित्रं त्यांनी बघितली आणि म्हणाले, "बाई, चामड्यावर रंगवाल का? मी पर्सेस शिवतो. प्रदर्शनात मांडू."

त्यांनी सहा तुकडे कापून दिले. महिनाभर खपून मी त्यांवर नदी रंगवली. घाट, पूल, काठावर वाळत घातलेल्या साड्या.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पर्सेस बघायला गेले, तर सहाही साध्या तपकिरी!

"काका, चित्रं कुठायत?"

"उघडा की."

उघडली. पूल आत होता. बाहेरून दुसरं चामडं लावून त्यांनी माझी बाजू आत घेतली होती.

"अहो, हे दिसणार कुणाला?"

"जिची पर्स, तिला. बाहेर ठेवलं तर घासून जाईल."

"आतही किल्ल्या घासतातच की."

ते दोऱ्याला मेण लावू लागले. मी रडायच्या बेतात होते. शेवटी विचारलंच, "चित्रं आवडली नाहीत का तुम्हाला?"

"नसती आवडली, तर बाहेर ठेवली असती."

हे कौतुक होतं की टोमणा, मला कळेना. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर त्यालाही कळेना.

प्रदर्शनात एका गृहस्थांनी पर्स उघडून पाहिली. "अस्तर बरं आहे," म्हणाले आणि पुढे गेले. मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे चहा पीत होते.

मग एक बाई आल्या. पर्समध्ये बराच वेळ बघत राहिल्या. हळूच म्हणाल्या, "बाहेरून कुणाला कळणार नाही ना?"

"नाही."

"मग द्या."

इतक्या खुशीत गेल्या त्या! मी मात्र बावचळून उभी. माझं चित्र कुणाला दिसणार नाही, म्हणून ते विकलं गेलं होतं.

पुढे चार वर्षं आम्ही मिळून पर्सेस केल्या. दर खेपेला मी घरून ठरवून निघायचे, या वेळी चित्र बाहेर म्हणजे बाहेर. आणि तुकडे त्यांच्या हातात देताना म्हणायचे, "तुम्हाला योग्य वाटेल तसं शिवा." असं का म्हणायचे, ते अजून मला धड सांगता येत नाही.