आयुधपूजेला बंद केलेला ओव्हन

"मॅडम, डीएससी मशीन बिघडलंय," रुक्मिणी दारातूनच म्हणाली.

मशीन कसलं बिघडतंय! नुकताच कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला होता. मी म्हटलं, "दुसरा तुकडा लावून बघ." तिने लावला. आलेख तोच आला. मग ती स्टुलावर बसली.

रुक्मिणी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. पापनाशमहून रोज बसने तंजावूरला यायची. तिच्या घरीही आमच्यासारखं तंजावूरचं मराठी, त्यामुळे आम्ही दोघी लॅबमध्ये बोलायचो मराठीत आणि भांडायचो तमिळमध्ये. थीसिस लिहून होत आला होता. तिरुवैयारूच्या बाजूला एका कॉलेजने तिच्यासाठी लेक्चररची जागा धरून ठेवली होती. अट एकच, जून उजाडायच्या आत डिग्री हातात पाहिजे.

तिचं काम एपॉक्सीवर. दोन चिकट द्रव मिसळायचे, साच्यात ओतायचे, ओव्हनमध्ये आधी कमी, मग जास्त तापमानावर पिकवायचे, की दगडासारखा घट्ट पदार्थ तयार होतो, तो एपॉक्सी. मजबूत, पण ठिसूळ. तडा गेला की आरपार. त्यात सिलिकाची नॅनो पूड, म्हणजे डोळ्याला कण दिसणारच नाही इतकी बारीक पूड, नीट मिसळली तर तडा वाटेत अडखळतो. किती अडखळतो, हे तिला मोजायचं होतं. शेवटच्या बॅचच्या पट्ट्या साध्या एपॉक्सीपेक्षा कितीतरी जास्त मार सोसत होत्या. आम्ही हरखून गेलो. लगेच पेपर लिहिला, तो स्वीकारलाही गेला.

डीएससी तेवढी राहिली होती. त्यात चिमूटभर तुकडा तापवतात आणि तो कुठल्या तापमानाला मऊ पडतो ते बघतात. नीट पिकलेला एपॉक्सी बराच दम धरतो. हिचा फार लवकर ढेपाळला. म्हणजे पट्ट्या कच्च्या होत्या. अर्धा वाळलेला पापड वाकतो, कडक वाळलेला मोडतो, तसलाच प्रकार. मार पूड सोसत नव्हती, कच्चेपणा सोसत होता.

"ओव्हनमध्ये पूर्ण वेळ ठेवल्या होत्यास ना?"

"ठेवल्या होत्या मॅडम. मध्ये आयुधपूजा आली, तेवढाच..." ती थांबली. "अय्यो."

आयुधपूजेला आमच्याकडे अवजारांना सुट्टी. मशीनला चंदन-कुंकू लावायचं, हार घालायचा, सुंडल, म्हणजे फोडणी दिलेले हरभरे, वाटायचं आणि सगळं बंद. रुक्मिणीने ओव्हनही बंद केला. दुसऱ्या दिवशी चालू केला, बुडालेले तास हिशेबाने भरून काढले. पण आमचा जुना ओव्हन एकदा बंद झाला की सगळं विसरतो आणि पहिल्या, कमी तापमानावर जाऊन बसतो. तिने घड्याळ बघितलं, तापमान नाही. रागवायचं तरी कुणावर? त्या दिवशी घरी मीसुद्धा मिक्सर लावत नाही.

मी एचओडींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डीएससी थीसिसमध्ये घालूच नका," ते म्हणाले. "कोण विचारणार आहे?"

"आणि पेपर वाचून दुसरी एखादी मुलगी वर्षानुवर्षं तीच पूड घोळत बसली तर?"

"ती कुठली कोण! तुम्ही मार्चमध्ये रिटायर होऊन घरी बसाल. हिचं काय?"

मी तशीच उठून बाहेर आले.

लॅबमध्ये येऊन मी रुक्मिणीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती एकदम उसळली. "मग तुम्हीच म्हणा ना मॅडम, लपव म्हणून! तुम्ही म्हणालात तर मी लपवते."

माझ्या तोंडून ते निघेना. ती रडली, तमिळमध्ये मला वाट्टेल ते बोलली आणि बस पकडायला निघून गेली. सकाळी येऊन पेपर मागे घेत असल्याची मेल तिनेच पाठवली. मी नुसती शेजारी उभी होते.

पट्ट्या पुन्हा केल्या, या वेळी नीट पिकवून. पुडीने फरक पडत होता, नाही असं नाही, पण इतका थोडा की थीसिस त्यावर उभा राहीना. तोवर फेलोशिप संपली. कॉलेजने जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. रुक्मिणी आधी रोज यायची, मग अधूनमधून, मग येईनाशी झाली. आता पापनाशमला घरीच मुलांच्या शिकवण्या घेते. फोन केला तर तब्येतीचं विचारते. एपॉक्सीचं नाव काढत नाही आणि मीही काढत नाही. मनातून मात्र फार वाईट वाटतं.

रिटायर झाल्यावरही पुढच्या आयुधपूजेला लॅबने मला आठवणीने बोलावलं. त्या जुन्या ओव्हनला चंदन मीच लावलं. त्याच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता, रुक्मिणीच्याच अक्षरातला: पूजेआधी ओव्हन रिकामा करावा.

मी दार उघडून बघितलं. रिकामाच होता. लॅबमधली मुलं म्हणाली, तिच्यानंतर त्यात कुणी काही ठेवलंच नाही.