बसून बघायची दुर्बीण

व्हरमाँटमधल्या आमच्या डोंगरी गावात तेव्हा लेथ यंत्रं बनवायचे कारखाने होते, आणि त्यातले बरेच कामगार सुट्टीच्या दिवशी दुर्बिणी बनवायचे. ऑल्टन क्विम्बी त्यांच्यातला नव्हता. तो ओतशाळेत साचे करायचा. एका हिवाळ्यात पायावर लोखंडी चाक पडलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. बर्फ वितळल्यावर कुबड्या घेऊन तो आम्हा दुर्बीणवाल्यांच्या बैठकीला आला आणि म्हणाला, "मलाही एक करायचीय."

भिंगांची दुर्बीण त्यानं स्वतःच बाद केली. "दोन भिंगं म्हणजे चार बाजू घासा. आरशाला एकच. आणि भिंगाच्या दुर्बिणीतून डोक्यावरचं बघायचं तर खाली लोळावं लागतं. मग मला उठवणार कोण?"

"मग पाच फुटी नळीची, आरशाची कर," आमच्यातला सगळ्यात जाणता स्टॉडर्ड म्हणाला. "आरसा उथळ लागतो, साधी गोलाई धरून घासला तरी भागतं. पहिल्या खेपेला सगळे तीच करतात."

"तिच्यात बघायचं कुठून?"

"वरच्या टोकाला, बाजूनं."

"म्हणजे मी स्टुलावर चढू? नळी तीन फुटी हवी. खुर्चीत बसून डोळा लागला पाहिजे."

"अरे वेड्या, आखूड नळीला आरसा खोल लागतो! त्यात नुसती गोलाई चालत नाही. मधोमध केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा जास्त खोल करावा लागतो. मुरलेली माणसं रडतात तिथं."

"रडू की. यंदा सवय झालीय."

काच पिंपावर ठेवून भोवती फिरत घासायची, ही आमची रीत. ऑल्टनला फिरणं शक्य नव्हतं. त्यानं पिंपावर जुन्या गाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला फिरता भाग, बसवला. स्वतः बसून राहायचा आणि काच फिरवायचा. त्याची बायको लव्हिनिया कावली. "चंद्र दिसेल तेव्हा दिसेल, बीन्समध्ये तुझी ती काच घासायची पूड आत्ताच दाताखाली लागतेय!" तरी पाण्याची बादली तीच भरून द्यायची.

तीनदा आकार बिघडला. स्टॉडर्डला राहवेना. "उथळ करून टाक रे. स्टुलाला कठडा मी करून देतो."

"नको," एवढंच म्हणून ऑल्टन पुन्हा घासायला बसला.

चौथ्यांदा मध्य साधला, पण कडा जास्त घासली जाऊन किंचित उतरली. ऑल्टननं काळ्या पुठ्ठ्याचं कडं कापून ती झाकली. थोडा उजेड गेला, पण प्रतिमा स्वच्छ आली.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, उजेड असतानाच, त्यानं अंगणात खुर्चीत बसून अर्धा चंद्र पाहिला. मग लव्हिनियाला बसवलं. "अगं बाई, खड्डे!" ती ओरडली.

स्टॉडर्ड मात्र वाकून बघत होता. "कंबर मोडली माझी."

"उभ्यानं बघणाऱ्यांसाठी नाही ती," ऑल्टन म्हणाला. "बस की खुर्चीत."

पुढे गावातल्या म्हाताऱ्या त्याच अंगणात यायला लागल्या. माझ्या आईनं शनीचं कडं तिथंच पाहिलं, मांडीवर ॲपल-पायची बशी ठेवून.